तुम्ही विचारलंत म्हणून: दुखणे थांबले, तरी औषध का?

दादरच्या माझ्या दवाखान्यात एक प्रश्न वारंवार येतो, आणि तो बहुधा रुग्णाचा मुलगा किंवा सून विचारते: "डॉक्टर, बाबांचा कान दुखायचा तर दहा दिवसांत थांबला, मग औषध सहा आठवडे कशासाठी?" प्रश्न रास्त आहे, इंजेक्शने महाग असतात आणि उतारवयात ती सोसवतही नाहीत.

या आजाराचे नाव 'मॅलिग्नंट ओटायटिस एक्स्टर्ना', आणि तो मुख्यतः मधुमेही वृद्धांना होतो. त्याला १९६८ साली चँडलर या डॉक्टरांनी 'मॅलिग्नंट' (घातक; कर्करोगाच्या गाठीलाही हाच शब्द लावतात) म्हटले, त्यामुळे घरचे लोक कर्करोग समजून घाबरतात. हा मात्र जंतुसंसर्ग आहे. बहुतेक वेळा स्यूडोमोनास नावाचा जंतू कानाच्या नळीच्या त्वचेत शिरतो, तिथून कूर्चेतल्या, म्हणजे कानाच्या मऊ हाडातल्या, फटींमधून कवटीच्या तळाच्या हाडात उतरतो, आणि मधुमेहामुळे बारीक रक्तवाहिन्या आधीच खराब झालेल्या असल्याने औषध त्या हाडापर्यंत पुरेसे पोहोचत नाही. म्हणजे तक्रार कानाची असली तरी उपचार हाडाचा चाललेला असतो, आणि हाड दहा दिवसांत बरे होत नाही.

लालबागच्या एका आजोबांच्या कानात मी सूक्ष्मदर्शकातून पाहिले, तेव्हा नळीच्या तळाशी, कूर्चा संपून हाड सुरू होते नेमके तिथे, डाळिंबाच्या दाण्याएवढा लालभडक मांसल उंचवटा होता; काडी टेकताच त्यातून रक्त आले. रात्र रात्र ते उशीवर कान दाबून बसत. त्या मांसाचा तुकडा तपासणीला पाठवला, कारण कर्करोगही असाच दिसू शकतो. उपचार सुरू झाल्यावर वेदना ओसरल्या आणि दोन आठवड्यांनी त्यांनी औषध परस्पर बंद केले. महिनाभराने आले तेव्हा चहा ओठाच्या कोपऱ्यातून ओघळत होता आणि उजवा डोळा मिटत नव्हता. संसर्ग चेहऱ्याच्या नसेपर्यंत गेला होता.

पूर्वी सिप्रोफ्लॉक्सासिन या प्रतिजैविकाच्या गोळ्यांनीच पुष्कळांचे भागत असे. आता त्याला दाद न देणारे जंतू वरचेवर भेटतात, आणि चिठ्ठीशिवाय घेतलेल्या गोळ्यांचा त्यात मोठा वाटा आहे असे माझे ठाम मत आहे. म्हणून रुग्णाची प्रकृती परवानगी देत असेल, तर आधी पू कल्चरला (जंतू कोणता आणि त्याला कोणते औषध लागू पडते हे पाहणाऱ्या तपासणीला) पाठवतो, मग सेफ्टाझिडिमसारखे औषध शिरेतून सुरू करतो. एवढ्यानेही उतार पडला नाही, तर बुरशीचा संशय घ्यावा लागतो. तिची औषधे निराळी. साखर आटोक्यात नसेल, तर यातले काहीच नीट लागू पडत नाही.

थांबायचे कधी, हे दुखण्यावरून ठरवता येत नाही. सीटी स्कॅनमध्ये हाडाची झीज बरे झाल्यावरही बराच काळ दिसत राहते. त्यामुळे मी ईएसआर आणि सीआरपी या रक्तातला दाह दाखवणाऱ्या चाचण्यांचे आकडे उतरताना पाहतो, आणि शक्य असेल तिथे गॅलियम स्कॅन, म्हणजे संसर्ग अजून चालू आहे का हे दाखवणारी किरणोत्सर्गी द्रव्याची तपासणी, सांगतो.

आजोबांनी दुसऱ्या खेपेला आठ आठवडे पूर्ण केले. डोळा आता मिटतो. हसताना ओठ अजून थोडा डावीकडे ओढला जातो.