मालकाचीच सही आणा म्हणे!

आई राहते ते घर भाड्याचं, १९८७ पासून आमच्याकडे आहे, मराठवाड्यातल्या एका जिल्ह्याच्या गावी जुन्या पेठेत. दादा, म्हणजे माझे वडील, गेले अन् वर्षाच्या आत मालकाच्या पोराची वकिलाकडून नोटीस आली, की भाडेकरू तुमचे वडील होते, आता २०२१ चा नवा कायदा आलाय, भाड्यावरचं नियंत्रण उठलंय, ९०० च्या जागी ७,००० द्या नाहीतर घर खाली करा. आई दोन दिवस नीट जेवली नाही.

आमच्या वकिलाने पहिल्याच भेटीत सांगितलं की २०२१ चा तो केंद्राचा नमुना कायदा आहे, राज्याने स्वतःचा कायदा केल्याशिवाय लागू होत नाही. आपल्याकडे १९९९ चा महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा आहे (त्याआधी मराठवाड्यात हैदराबाद राज्याचा १९५४ चा होता). भाडेकरू वारला तर सोबत राहणारं घरचं माणूस भाडेकरू होतं, अन् भाडेवाढ वर्षाला ४ टक्के. म्हणजे ९०० वर ३६ रुपये! फक्त जुना ताबा दाखवायला घरपट्टीच्या रजिस्टरचा उतारा आणा, भोगवटादाराच्या रकान्यात दादांचं नाव असेल.

इथंच अडकलो. वाळूजहून सुट्टी टाकून घरपट्टीच्या ऑफिसात गेलो, क्लार्क म्हणाला उतारा मालकालाच मिळतो, मालकाची सही आणा. मी म्हणलं साहेब, मालकानंच तर आम्हाला बाहेर काढायला नोटीस पाठवलीय, तो सही कशाला देईल? "ते तुमचं तुम्ही बघा." दुसऱ्या खेपेला साहेब मीटिंगला. तिसऱ्या खेपेला अर्जच सापडेना, कारण मी पोच घेतली नव्हती. चौथ्यांदा परत तेच, मालकाची सही. चार सुट्ट्या अन् एसटीचं भाडं गेलं, अन् तिकडं नोटिशीच्या उत्तराची मुदत संपत चाललेली. त्या खिडकीसमोर उभं राहून मला रडू यायचं बाकी होतं.

शेवटी आईच्या शेजारच्या रिटायर्ड गुरुजींनी सांगितलं, माहिती अधिकारात माग. १० रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावून अर्ज दिला, "प्रमाणित प्रत" असं स्पष्ट लिहिलं, अन् यावेळी आवक नंबर घेतला. २६ व्या दिवशी उतारा हातात! दादांचं नाव, पुढे "भाडेकरू". तोवर वकिलाने मुदत वाढवून मागितली होती.

उत्तर गेल्यावर मालक मंडळी स्वतः घरी आली, ४ टक्क्यांवर तयार झाली. हां, भाडं घ्यायला नकार दिला तरी थांबू नका, आम्ही बँकेतून पाठवत राहिलो, म्हणून थकबाकीचा मुद्दा निघाला नाही. अन् पावती मागायचीच, लेखी पावती देणं मालकावर कायद्याने बंधनकारक आहे. आईने १९८७ पासूनच्या पावत्या पेटीत ठेवल्यात, परवा तो उतारापण त्यातच ठेवला.