कोरी स्टेपनी

घाट उतरल्यावर, साताऱ्याच्या अलीकडे हायवेला माझं टायरचं दुकान आहे. मे महिन्यात भर दुपारी एक काका गाडी अगदी हळू, मागचं डावं चाक धपधप आपटत घेऊन आले. शिरवळजवळ पंक्चर झालं म्हणून त्यांनी स्वतःच स्टेपनी लावली होती. घाटात काही जाणवलं नाही. उतरून वेग घेतला आणि मागून दणके बसायला लागले.

चाकाजवळ बसलो. नक्षीचा पट्टा हातभर सुटून लोंबत होता, त्याने चाकावरच्या कमानीतलं प्लॅस्टिक फाडलं होतं, खाली पोलादी तारा उघड्या पडल्या होत्या. गेज लावला तर ३० ची हवा शाबूत! वरचा थर सांगाड्यापासून उकलला होता, हवा गेलेलीच नव्हती.

काका संतापले होते. "कोरी स्टेपनी होती हो! एकदाही लावली नाही. केससुद्धा गेले नाहीत अजून." खरंच, रबराचे बारीक केस काठाला तसेच होते. पंपावरच्या पोराने हवा जास्त भरली, असं त्यांचं ठाम मत. त्या पोराचा काहीही दोष नव्हता.

मी चाक उतरवून साबणाच्या पाण्याने टायरची बाजू धुतली. बनल्याची तारीख बहुतेक टायरवर एकाच बाजूला पूर्ण छापलेली असते आणि बरेचदा ती आतल्या अंगाला जाते. आकडे निघाले: १४११. म्हणजे २०११ सालचा चौदावा आठवडा. काकांनी गाडी जुनी घेतलेली. चालते चार टायर मधे बदलून झाले होते, पाचव्याला कुणी हात लावला नव्हता.

टायर पडून राहिला तरी रबर जुनं होतंच. डिकीतली उष्णता आणि प्राणवायू आपलं काम करत राहतात. आत दाबलेल्या हवेतला प्राणवायूही वर्षानुवर्षं रबरातून झिरपतो आणि पोलादी पट्ट्यांच्या कडांजवळची पकड सैल करतो. रबरात संरक्षक मेण घातलेलं असतं, ते टायर चालताना दबतो-फुगतो तेव्हा पृष्ठभागावर येत राहतं. स्टेपनी चालतच नाही. मग एके दिवशी तिला भर उन्हात थेट हायवेच्या वेगाला जुंपायचं! कित्येक कार कंपन्या सहा वर्षांनी टायर बदला सांगतात. टायर कंपन्या दहा वर्षांपलीकडे वापरूच नका म्हणतात, मग नक्षी कितीही शिल्लक असो. त्यात स्टेपनीही आली. सर्व्हिसिंगच्या कागदावर मात्र स्टेपनीपुढे टिक मारलेली असते, आणि ती फार तर हवेची असते. तारीख वाचून गिऱ्हाइकाला सांगणारा मेकॅनिक मला अजून भेटायचाय.

मूळ पंक्चर किरकोळ होतं, नक्षीत घुसलेला एक खिळा. मी भोकात बाहेरून रबरी दोरी कोंबत नाही. टायर उतरवून, आतून घासून मशरूम पॅच, म्हणजे भोकात देठ बसणारं छत्रीसारखं ठिगळ, लावला, बॅलन्सिंग करून चाक जागेवर बसवलं. स्टेपनीसाठी त्याच मापाचा नवा टायर दुकानात होता. तारीखही चालू वर्षाची, काकांना बोट ठेवून दाखवली.

"स्टेपनीलाच ना? मग नवा कशाला? जुना द्या एखादा."

"जुने मी ठेवत नाही, काका."

डिकीच्या खड्ड्यात मोकळी रिम टाकून ते निघाले आणि पुढच्याच दुकानापाशी थांबले. तिथे जुने टायर खरवडून, नक्षी खोल करून, काळं पॉलिश मारून विकतात. मी मागोमाग गेलो. टायर रिमवर चढायच्या आत हातात घेऊन दोन्ही बाजू पाहिल्या. तारखेच्या जागी रबर घासून सपाट केलेलं होतं. काकांना तेही दाखवलं. त्यांनी पाहिलं, मान हलवली आणि पैसे काढले.