आमची वाटचाल : मागच्या दाराची गिऱ्हाइकं

मराठी रंगभूमी 1843 साली आमच्या सांगलीत सुरू झाली, विष्णुदास भाव्यांमुळे. नाटक आलं की केसांचे टोप आलेच. आमच्या मामंजींनी जन्मभर तेच केलं. मी लग्न होऊन आले तेव्हा माजघरात लाकडी डोकी ओळीनं मांडलेली होती, कुणावर जटा, कुणावर पेशवाई घेरा. सुईच्या आकड्यानं जाळीत केस कसा ओढायचा आणि गाठ कशी मारायची, ते मी त्यांच्या शेजारी बसून शिकले. कपाळापाशी एका गाठीत एकच केस, मागं दोन-तीन चालतात. त्यांची खिळ्यांची फणी अजून माझ्याच हातात आहे. केसांची मुळं एका बाजूला आणि टोकं दुसऱ्या बाजूला लावून घेतली नाहीत, तर टोप महिन्याभरात गुंतून त्याची जट होते. घाईत हेच चुकतं.

नाटकाचा टोप प्रयोग संपला की पेटीत जातो. मिरजेला कॅन्सरच्या उपचारासाठी येणाऱ्या बायका बोळातल्या मागच्या दारानं यायला लागल्या आणि धंदाच बदलला. केमो सुरू झाल्यावर दोन-तीन आठवड्यांत उशीवर केस दिसायला लागतात. तोवर वाट बघू नका. केस डोक्यावर असतानाच माप द्या आणि एक बट कापून ठेवा, म्हणजे रंग जुळवता येतो.

आमच्याकडं पहिल्या भेटीत आरशावर कापड असतं. टोप बसवून, भांग पाडून झाला की ते बाईच्या हातानंच काढायचं. कारण आपल्याकडं बाईचे केस जाणं हे नुसतं केस जाणं नसतं. विधवांचं केशवपन करणार नाही म्हणून नारायण मेघाजी लोखंड्यांच्या पुढाकारानं मुंबईतल्या नाभिकांनी 1890 साली संप केला. इतकी वर्षं झाली, तरी नवरा बाहेर बाकावर बसलेला असताना आत सवाष्ण बाई मला विचारते, ‘आता मी बोडकी दिसते ना?’ हा शब्द तिला कुणी शिकवलेला नसतो, तो घरात असतोच. आणि टोप घातल्यावर भीती जात नाही, नुसती जागा बदलते. वाईट दिसण्याची जाते, उघडं पडण्याची येते. पुलावर गाडीवर मागं बसल्यावर वारा लागतो, नातू गळ्यात पडतो, की हात पटकन कपाळाकडं जातो. घरच्यांनी ‘अजिबात कळत नाही हं’ असं दिवसातून चारदा म्हणू नये. कळतंय का, याचाच विचार ती बाई सारखी करत असते.

2019 च्या महापुरात दुकानात चिखल भरला, लाकडी डोकी तरंगत होती, निवडून ठेवलेला केस गेला. त्यातून आम्ही तीन महिन्यांत उभे राहिलो.

खरा घाव त्यानंतर बसला. मामंजींच्या हाताखाली माझ्याबरोबर शिकलेला, ज्याला मी दादा म्हणायचे, तो वेगळा झाला आणि त्यानं आपलं दुकान टाकलं. टाकू दे. पण जाताना त्यानं मापासाठी काढलेले फोटो नेले आणि त्यातले दोन मोठे करून ऐन गणपतीत बोर्डावर लावले, आधी आणि नंतर. फोटोत एका शाळेतल्या बाई होत्या. लहानपणापासून चाई, सात वर्षं आमचा टोप, शाळेत कुणाला पत्ता नाही. चेहरा अर्धाच होता, पण वर्गातल्या पोरांना तेवढा पुरला.

गावानं धरलं की फोटो आम्ही दिला. आठ महिने मागच्या दाराची कडी वाजली नाही. मी बाईंच्या घरी दोनदा गेले, दार उघडलं नाही. तो मात्र आजही सांगतो की जाहिरातच तर होती. आमच्या निम्म्या भावात तो कृत्रिम धाग्याचे टोप विकतो आणि भाकरी भाजताना चुलीपाशी वाकलं की त्याची झुलपं आकसतात, हे गिऱ्हाइकाला सांगत नाही. माफी मागितली असती, तर मी बोर्ड विसरले असते की नाही, माहीत नाही. त्यानं मागितली नाही.

मी सगळे फोटो पुसले. आता डोक्याला पातळ प्लॅस्टिक गुंडाळून वर चिकटपट्टी लावते आणि त्याचाच साचा करते. साच्यावर नाव नाही, नुसता आकडा. फोन बाहेर ठेवायचा, माझाही.

वर्षभरानं एका दुपारी कडी वाजली. बाई होत्या. पिशवीतनं टोप काढून टेबलावर ठेवला आणि म्हणाल्या, ‘जाळी सैल झालीय.’ बोर्डाचं त्यांनी काढलं नाही, मलाही काढवलं नाही. मी चहा टाकला आणि सुई घेतली.

गेल्या आठवड्यात त्यांचा पुढचा टोप भरायला घेतला. या वेळी कपाळापाशी चार केस पांढरे घाल म्हणाल्या.