कागद वाळत नाही त्या गावी

आपल्याकडच्या उन्हात जलरंगाचं लँडस्केप करायचं म्हणजे कागदाशी शर्यत. आभाळाचा वॉश, म्हणजे पातळ रंगाचा थर, उजव्या कडेला पोचेपर्यंत डावी बाजू कोरडी ठक्क. इथे, इंग्लंडच्या उत्तरेला लेक डिस्ट्रिक्टमध्ये, नेमकं उलट. कागद वाळतच नाही.

केझिक गावाहून बॉरोडेलच्या दरीत शिरलं की टोकाला सीथवेट लागतं. इंग्लंडमधली सर्वाधिक पावसाची वस्ती, वर्षाला साधारण ३,५०० मिलिमीटर. महाबळेश्वरकर हसतील, पण तिथला पाऊस चार महिन्यांत उरकतो, इथला बारा महिने पुरवून पुरवून पडतो. त्यामुळे कोरड्या दिवशीही हवेत ओल असतेच.

डर्वेंटवॉटर तळ्याच्या काठी बसलं की पलीकडे कॅटबेल्स दिसतो. उंची ४५१ मीटर, म्हणजे आपल्या हिशेबाने टेकडीच. त्यावरून ढग सरकत असतात तेव्हा ही ओल कामी येते. अल्ट्रामरीन निळ्यात किंचित बर्न्ट सिएना हा तपकिरी मिसळून झालेला करडा ओल्या कागदावर सोडला की कडा आपोआप विरतात, धुक्यासाठी वेगळी खटपट नाही. त्रास होतो तो ठाम रेषांचा. उतारांवर चुना-मातीशिवाय नुसते दगड रचून केलेल्या भिंती चढत गेलेल्या असतात. त्या काढायला खालचा हिरवा पूर्ण वाळलेला हवा. अर्धवट ओल्यावर भरलेला ब्रश टेकवला तर पाणी रंगाला ढकलत पसरतं आणि फ्लॉवरच्या गड्ड्यासारखा डाग उमटतो. म्हणून मी दोन पॅड घेऊन बसते; एक वाळेपर्यंत दुसरं. जूनअखेरीस सूर्य पावणेदहाच्या सुमारास मावळतो, तेव्हा हे परवडतं.

हिरव्याबद्दल एकच सांगते: ट्यूबमधला तयार हिरवा इथे प्लॅस्टिकसारखा दिसतो, निळा-पिवळा आपणच मिसळावा. शरद ऋतूत नेचे तांबूस होतात तेव्हा सुटका.

आपण कच्चं रेखाटन करतो त्या पेन्सिलीचं माहेरही हीच दरी. सोळाव्या शतकात इथल्या डोंगरात इतकं शुद्ध ग्रॅफाइट सापडलं की ते थेट कापून कांड्या करता येत. केझिकमध्ये १८३२ साली पेन्सिलींचा कारखाना निघाला, आता गावात पेन्सिलींचं संग्रहालय आहे. निसर्गचित्रांसाठी नावाजलेला इंग्लिश चित्रकार टर्नर १७९७ मध्ये, बाविसाव्या वर्षी, या भागात हिंडला. जागेवर तो बहुतेक पेन्सिलीनेच टिपून घ्यायचा आणि रंगाचं काम पुष्कळदा मागाहून करायचा. ही हवा पाहता शहाणाच म्हणायचा! पण समोर बसून रंगवताना ढगांच्या सावल्या जशा धावत जातात, तशा त्या नंतर आठवून जमत नाहीत, निदान मला तरी.

इथले वाटसरू चित्राला ‘लव्हली’ म्हणतात आणि लगेच पावसावर येतात. त्यांचा अंदाज फोनवरच्या अंदाजापेक्षा पक्का असतो. कुणी पश्चिमेकडे बघून नुसती मान हलवली तरी मी आधी पॅड झाकते, मग आभार मानते.