बेदगेलर्टची गोष्ट आपली, मग कबर कुणाची?

वेल्सच्या डोंगरात बेदगेलर्ट हे चिमुकलं गाव पाहून आलेले लोक हमखास विचारतात, "ती कुत्र्याची गोष्ट म्हणजे आपलीच मुंगसाची ना? मग ती कबर कुणाची?" तुम्हीही विचारलंत म्हणून सांगतो.

आधी नाव. स्पेलिंगमध्ये दोन 'डी' पाहून सगळे 'बेडगेलर्ट' म्हणतात, पण वेल्शमध्ये त्या जोडीचा उच्चार 'द'च्या जवळ जातो. 'बेद' म्हणजे कबर. गोष्टीतल्या कुत्र्याचं नाव गेलर्ट सांगतात आणि गावात त्याची कबरही दाखवतात. गावाच्या नावातला गेलर्ट मात्र कुत्रा नव्हे, बहुधा केलर्ट नावाचा कुणी जुना संत. जुन्या कागदपत्रांत गावाचं नाव 'क'नेच सापडतं.

गोष्ट अशी. राजा लेवेलिन शिकारीहून परततो तर पाळणा उपडा, कुत्र्याचं तोंड रक्ताने माखलेलं. तो तलवार खुपसतो. मग पाळण्याखाली बाळ सुखरूप सापडतं आणि शेजारी लांडगा मरून पडलेला. आपल्याकडे साप मारणाऱ्या मुंगसावर आईने घागर टाकली, तिथे लांडगा मारणाऱ्या कुत्र्यावर तलवार, एवढाच फरक. पंचतंत्र पहलवी, अरबी, हिब्रू, लॅटिन असं भाषा बदलत युरोपात गेलं आणि वाटेत मुंगसाचा कुत्रा झाला. फ्रान्समध्ये ल्योंजवळ 13व्या शतकात हीच गोष्ट ग्विनफोर नावाच्या कुत्र्याची म्हणून सांगत. तिथे साप अजून सापच होता. वेल्शमध्येही 'आपला शिकारी कुत्रा मारणाऱ्या माणसाइतका पस्तावलो' अशी म्हण होती, त्या कुत्र्याला नाव नव्हतं.

नाव आणि कबर दोन्ही 18व्या शतकाच्या अखेरीस चिकटली. श्रेय, किंवा दोष म्हणा, गोट हॉटेलचा पहिला चालक डेव्हिड प्रिचर्ड याला देतात. प्रवासी यावेत म्हणून त्याने दगड उभे केले. 1800 साली विल्यम स्पेन्सरने यावर कविता लिहिली आणि प्रिचर्डचं काम फत्ते झालं. खरा लेवेलिन 1240 मध्ये वारला. त्याची म्हणून दाखवतात ती दगडी शवपेटी लानरूस्टच्या चर्चमध्ये आहे, रिकामी.

कबर जरूर पाहा. कोल्विन आणि ग्लासलिन यांचा संगम गावातच आहे. तिथून ग्लासलिनच्या काठाने दक्षिणेकडे सपाट वाटेने दहाएक मिनिटं. झाडाखाली कठड्याच्या आत दगड, आणि स्लेटच्या पाट्यांवर इंग्रजी आणि वेल्श मजकूर. बहुतेक लोक इथे फोटो काढून मागे फिरतात, तिथेच चुकतात. पुढे रेल्वेपुलाशेजारून नदी ओलांडली की अबरग्लासलिनची घळ सुरू होते. घळीतली मासेमारांची वाट अरुंद, पावसात दगड शेवाळलेल्या घाटासारखे निसरडे, आणि काही ठिकाणी कड्यात ठोकलेल्या लोखंडी मुठी धरून सरकावं लागतं. चपला घालून जाऊ नका. डोक्यावरच्या बोगद्यांतून जाणारी गाडी आपल्या माथेरानच्या गाडीसारखीच, सुमारे दोन फुटी रुळांवरची. 1930च्या दशकात बंद पडलेली ही लाइन 2011 पासून पुन्हा थेट पोर्थमॅडॉगपर्यंत धावते.

परतताना सेंट मेरीच्या चर्चमध्ये डोकावा. पूर्वेच्या भिंतीतल्या तीन उंच, निमुळत्या खिडक्या मात्र खरोखर 13व्या शतकातल्या आहेत.