न्यूटनटोपेन (स्वालबार्ड): जायचा विचार असेल तर हे वाचून जा

मे महिन्यात स्वालबार्डला (आर्क्टिकमधली नॉर्वेची बेटं) जाऊन न्यूटनटोपेन हे शिखर केलं, बरेच जण डिटेल्स विचारतायत म्हणून सगळं एकदाच लिहितो. उंची 1713 मीटर, म्हणजे आपल्या कळसूबाईपेक्षा जेमतेम जास्त, पण स्वालबार्डमधलं सगळ्यात उंच हेच, अक्षांश 79 उत्तर आणि आसपास ना गाव ना रस्ता, नुसत्या हिमनद्या.

आधी नावाचं सांगतो, ते माहीत असेल तर तिथे उभं राहण्यात खरी मजा आहे. नाव आयझॅक न्यूटनचंच, पण उगाच मोठा माणूस म्हणून दिलेलं नाही. पृथ्वी स्वतःभोवती फिरते म्हणून ध्रुवांपाशी चपटी असणार हे त्याने 1687 मध्ये मांडलं, आणि तसं असेल तर अक्षांशाचा एक अंश ध्रुवाकडे लांब भरायला हवा. भरतोच, विषुववृत्तापाशी साधारण 110.6 किमी आणि ध्रुवाजवळ 111.7. हे नेमकं मोजायला स्वीडिश आणि रशियन मंडळी 1899 ते 1902 या बेटांवर शिखरामागून शिखर धरून त्रिकोण मोजत होती. शिखराला नाव पडलं 1898 मध्ये, आणि माथ्यावर पहिला पोचला भूगर्भशास्त्रज्ञ हेल्गे बाकलुंड, 4 ऑगस्ट 1900 ला. आपल्याकडे विल्यम लॅम्बटन हा ब्रिटिश सर्वेक्षक दक्षिणेकडून अशीच मोजणी करत वर येत होता, तो 1823 मध्ये हिंगणघाटला वारला. हिंगणघाट आणि हे शिखर एकाच प्रश्नाने जोडलेले आहेत, मला हे फारच भारी वाटतं.

आता कामाचं. स्वालबार्डला व्हिसा लागत नाही पण विमान नॉर्वेच्या मुख्य भूमीवरून जातं, आणि स्वालबार्ड शेंगेनच्या (एकाच व्हिसावर फिरता येणारे युरोपातले देश) बाहेर आहे, त्यामुळे शेंगेन व्हिसा डबल एंट्रीचाच घ्या, नाहीतर परत येताना अडकाल. लाँगइयरब्येनपासून (स्वालबार्डचं मुख्य गाव) लांबच्या ट्रिपची गव्हर्नर ऑफिसला आधी सूचना द्यावी लागते आणि रेस्क्यूचा इन्शुरन्स लागतो, गाइड कंपनी असेल तर हे ते बघतात, तरी पॉलिसी स्वतः नीट वाचा. ध्रुवीय अस्वलांमुळे तंबूभोवती तार लावतात, धक्का लागला की बार उडतो, शिवाय रात्री पाळीने पहारा. उजेड चोवीस तास असल्यामुळे पहारा तसा जड जात नाही पण झोपेचं पार वाटोळं होतं, डोळ्यांवर बांधायला पट्टी न्याच. जूनअखेरपर्यंत अस्वलापासून 500 मीटर लांब राहायचा नियम आहे, फोटोच्या नादात मोडू नका.

चढ अवघड नाही, डोंगर रुंद आणि घुमटासारखा आहे, स्की लावून वर जाता येतं. खरा कस लागतो तो सामानाची स्लेज ओढत तिथवर पोचताना आणि वाऱ्यात. बफमध्ये (गळ्या-तोंडावर घ्यायची कापडी नळी) श्वासाचा बर्फ होऊन तो दाढीला चिकटतो, दोन-तीन जास्तीचे ठेवा. डिंकाचे लाडू नेले होते, ते दाताने फुटेनात, मग सकाळीच जॅकेटच्या आतल्या खिशात टाकून ठेवायचो. पॉवरबँक पण आतच, थंडीत चार्ज झपाट्याने उतरतो. प्यायचं पाणी बर्फ वितळवूनच मिळतं आणि त्यात रोजचे तासन्‌तास जातात, त्यामुळे गॅस किंवा इंधन हिशेबापेक्षा जास्तच घ्या. परतीचं तिकीट बदलता येईल असंच काढा, हवा बिघडली की तंबूतून हलता येत नाही.