तुम्ही विचारलेत म्हणून: पीएच.डी. करून मी कॉलेजात का शिकवते

“पाषाणच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत पीएच.डी. केलीत, मग तालुक्याच्या कॉलेजात बी.एस्सी.च्या मुलांना का शिकवत बसलात?” पालक विचारतात, मूल्यांकनाला आलेले तज्ज्ञ विचारतात, जुने सहकारी तर भेटले की विचारतातच. बहुतेकांचे उत्तर आधीच ठरलेले असते: सासर कोकणात असेल, प्रयोगशाळेत कायमची जागा मिळाली नसेल. सासर कोकणात आहे, हे खरे. पण लग्न ठरण्यापूर्वीच मी तासिका तत्त्वावर शिकवून पाहिले होते आणि पुढे काय करायचे, ते तेव्हाच मनाशी ठरले होते.

बेंझीन वलयाची अभिक्रिया मंद करणारा क्लोरीन पुढच्या गटाला ऑर्थो-पॅरा, म्हणजे आपल्या शेजारच्या किंवा समोरच्या, जागीच का पाठवतो, हे मी परीक्षेत कितीदा तरी लिहिले होते. एका विद्यार्थ्याने “इलेक्ट्रॉन ओढणाराच देतो कसा?” असे विचारले, तेव्हा प्रेरण (बंधातून इलेक्ट्रॉन ओढणे) आणि संस्पंदन (वलयाला इलेक्ट्रॉन देणे) हे दोन्ही परिणाम एकाच अणूच्या ठायी कसे नांदतात, हे त्याला पटेपर्यंत फळ्यावर मांडावे लागले. ते मांडताना जे समाधान मिळाले, तेच मला हवे होते.

पीएच.डी.चे मार्गदर्शक म्हणाले, “कॉलेजात गेलीस की संशोधन संपले.” मी त्यांना रसायनशास्त्रज्ञ आचार्य प्रफुल्लचंद्र रे यांचा दाखला दिला. कलकत्त्याच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात शिकवता शिकवताच त्यांनी १८९६ साली मर्क्युरस नायट्राइट या पाऱ्याच्या नव्या संयुगावरचे काम प्रसिद्ध केले होते. त्या वेळी हा युक्तिवाद मला बिनतोड वाटला होता.

त्याची खरी कसोटी लागली ती एका विद्यार्थिनीच्या कामात. ती एम.एस्सी.च्या प्रकल्पासाठी चाल्कोन या सहज बनणाऱ्या सेंद्रिय संयुगापासून पायराझोलिन या नायट्रोजनयुक्त वलयाच्या संयुगांची एक मालिका तयार करत होती. आमच्याकडे चाल्कोन खलातच घोटतात: अल्डिहाइड, कीटोन आणि सोडियम हायड्रॉक्साइड घोटता घोटता पिवळे पडून घट्ट होत जाते आणि मग अल्कोहोलातून त्याचे स्फटिक काढायचे. त्याच्यावर फिनाइल हायड्राझिनची क्रिया करून मिळालेला पदार्थ अतिनील दिव्याखाली निळा चमकला, तेव्हा तिने अख्खी प्रयोगशाळा गोळा केली होती. द्रवणांक नेमके येत होते, पातळ थराच्या पट्टीवर एकच ठिपका दिसत होता, म्हणजे पदार्थ शुद्ध होता. आम्ही शोधनिबंध पाठवला आणि परीक्षकांनी प्रत्येक संयुगाचा कार्बन-१३ वर्णपट, म्हणजे रेणूतल्या कार्बनच्या मांडणीचा पुरावा, मागितला. मागणी रास्त होती. निसर्गातल्या कार्बनमध्ये कार्बन-१३ जेमतेम १.१ टक्का असतो, त्यामुळे हा वर्णपट घ्यायला यंत्र बराच वेळ अडकून राहते, आणि ते यंत्र दुसरीकडे असल्याने आमच्यासारख्या बाहेरगावच्या नमुन्यांची पाळी साहजिकच शेवटी येते. आमचे नमुने रांगेत असतानाच दुसऱ्या एका गटाचा निबंध प्रसिद्ध झाला आणि त्यात आमच्या मालिकेतली बहुतेक संयुगे होती. तिने तो स्टाफरूममध्ये आणून माझ्यासमोर ठेवला आणि विचारले, “मॅडम, आपले काही चुकले का?” काही चुकले नव्हते, त्यांचे द्रवणांक आमच्या द्रवणांकांशी जुळत होते. मी तिला तसे सांगितले, पण पुढच्या अर्जात लिहायला तिला जो निबंध हवा होता, तो मी देऊ शकले नाही.

त्या दिवसापासून मार्गदर्शकांशी घातलेला वाद मी स्वतःशी पुन्हा पुन्हा घालत आले आहे. रे यांच्या काळी तराजू, चंबू आणि चिकाटी यांवर नवे संयुग सिद्ध करता येत असे. आज संयुग हाती असूनही त्याचा पुरावा दुसऱ्यांच्या यंत्रात अडकलेला असतो, हे तेव्हा मार्गदर्शकांशी वाद घालणाऱ्या त्या मुलीला, म्हणजे मला, कोणीतरी सांगायला हवे होते. सांगितले असते तर तिने ऐकले असते का, हे मला माहीत नाही. मात्र संशोधन संपले, हेही मी मान्य करणार नाही. सहायक प्राध्यापकाने आठवड्याला १६ तास शिकवावे, असा विद्यापीठ अनुदान आयोगाचा नियम आहे. ते शिकवून, मुलांची प्रयोगाची जर्नले तपासून उरलेल्या वेळात होते ते संशोधन धिमे असते, पण खोटे नसते. “कॉलेजवाल्यांचे चाल्कोन” असे हिणवणाऱ्यांनी आमच्या मुलांचे स्फटिक एकदा हातात घेऊन पाहावेत.

यंदा दोन मुलींनी प्रकल्प मागितला आहे. काम देण्यापूर्वीच मी त्यांना सांगितले की, आपण बरोबर असूनही आपल्याला उशीर होऊ शकतो. एकीने लगेच होकार दिला. दुसरीने विचार करायला वेळ मागितला आहे, आणि तिने नकार दिला तर तिची समजूत काढावी की नाही, हे मी अजून ठरवलेले नाही.